जखमेकडे जायच्या आधी दारावरच्यांशी बोला: पार्ट्स थेरपी पायरी पायरीने

"एक मन म्हणतं फोन करून टाक, दुसरं मन म्हणतं कशाला, परत तेच ऐकून घ्यावं लागेल." असं आपण सगळेच बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वेडंवाकडं वाटत नाही. पार्ट्स थेरपी फक्त एवढंच करते की हे वाक्य ती खरं धरते. म्हणजे आत खरंच दोन जण आहेत, दोघांचं काहीतरी म्हणणं आहे, दोघांनाही कसली तरी भीती आहे आणि आजवर कुणी त्यांना बसवून नीट विचारलेलंच नाही.

मी थेरपिस्ट नाही हे आधीच सांगते. चार वर्षं ही थेरपी घेतली, मधे सोडली, परत धरली, चुका भरपूर केल्या आणि त्यातली एक चांगलीच महागात पडली. ती पुढे येईलच.

आधी थोडी ओळख

मनाचे भाग पाडून बघायची कल्पना काही नवी नाही. इटलीतले सायकियाट्रिस्ट रोबेर्तो असाजिओली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच उप-व्यक्तिमत्त्वांची भाषा घडवत होते, गेस्टाल्ट थेरपीवाले फ्रिट्झ पर्ल्स रिकाम्या खुर्चीत मनाचा एक भाग बसवून त्याच्याशी बोलायला लावायचे. पण आज कुणी पार्ट्स थेरपी म्हणालं की बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात असते ती इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे आयएफएस. ती रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकात बांधत आणली. ते मुळात फॅमिली थेरपिस्ट, शिकागोमध्ये बुलिमियाच्या, म्हणजे अति खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याच्या आजाराच्या, पेशंटसोबत काम करायचे. हे पेशंट सारखे 'माझ्यातला एक भाग असं करतो, मग दुसरा भाग मला शिव्या घालतो' असं सांगायचे. कुटुंबातल्या माणसांमध्ये जे चालतं तेच इथे एका माणसाच्या आत चाललंय, हे श्वार्ट्झना तिथे दिसलं.

त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग आहे. एक पेशंट स्वतःला इजा करून घ्यायची. तिच्या त्या भागाला ते सेशनमध्ये दमात घ्यायला लागले, की आता कबूल कर, पुढच्या आठवड्यात असं करणार नाहीस. पुढच्या सेशनला ती चेहऱ्यावर जखम घेऊन आली. तेव्हा त्यांनी हात टेकले, मी हरलो म्हणाले, आणि गंमत म्हणजे तिथून तो भाग बोलायला लागला, की मलाही तुला हरवायचं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तू हे का करतोस. या पद्धतीचा सगळा जीव मला या एका प्रश्नात दिसतो.

आता तीन शब्द लागतील, तेवढे लक्षात ठेवा. एक्झाइल म्हणजे दुखावलेले भाग, बहुतेक लहानपणीचे, ज्यांना आपण आत कुठेतरी कोंडून ठेवलंय कारण त्यांचं दुःख सोसवत नाही. मॅनेजर म्हणजे ते दुःख वर येऊच नये म्हणून आधीपासून बंदोबस्त करणारे: सतत टीका करणारा, परफेक्शनवाला, सगळ्यांना खूश ठेवणारा, डोक्यात यादी घेऊन फिरणारा. आणि फायरफायटर म्हणजे एवढं करूनही दुःख वर आलंच तर मिळेल त्याने आग विझवणारे. दारू, रात्रभर फोन, अचानक भडकणं, झोपून जाणं, नको तितकी खरेदी. फायरफायटर परिणामांचा विचार करत नाही. घर जळत असताना सोफा भिजेल याची काळजी कोण करतं? आपण मात्र सगळा राग या सोफा भिजवणाऱ्यावर काढतो.

आणि या सगळ्यांच्या पलीकडे जो उरतो, शांत, कुतूहल असलेला, घाई नसलेला, त्याला श्वार्ट्झ सेल्फ म्हणतात. सेल्फ नव्याने तयार करावा लागत नाही, बाकीचे जरा बाजूला सरकले की तो दिसतो असं त्यांचं म्हणणं. मला हे आधी भाबडं वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. पण अनुभवाला उतरतं खरं.

पुराव्याचंही बोलून टाकते, कारण ऑनलाइन याचा जरा जास्तच उदो उदो चाललाय. २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नऊ महिने आयएफएस घेतलेल्यांमध्ये दुखण्यात आणि नैराश्याच्या लक्षणांमध्ये फरक दिसला. ट्रॉमावरही छोटे अभ्यास झालेत. पण सीबीटीसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणाऱ्या) थेरपीमागे जितकं संशोधन आहे त्याच्या जवळपासही हे अजून नाही. त्यामुळे औषधं चालू असतील तर ती हे वाचून बंद करायची नाहीत.

हे एकट्याने कुणी करू नये

जीव द्यायचे विचार येत असतील, स्वतःला इजा करून घेत असाल, मधल्या वेळेचं काही आठवत नाही असे तुकडे पडत असतील, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, व्यसन हाताबाहेर गेलं असेल, किंवा जिथे त्रास होतोय त्याच घरात अजून राहत असाल, तर हा लेख माहितीपुरता वाचा आणि काम ट्रेनिंग झालेल्या माणसासोबतच करा. शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्रास चालूच असेल तर आतले पहारेकरी, म्हणजे हे मॅनेजर आणि फायरफायटर, अगदी बरोबर वागतायत, त्यांना खाली बसा म्हणणं हा मूर्खपणा आहे.

बाकीच्यांनी खालच्या पहिल्या पाच पायऱ्या घरी करून बघायला हरकत नाही. सहावीपासून पुढे थेरपिस्ट.

पायरी १: छोटी गोष्ट धरा

सगळ्यात मोठी जखम घेऊन बसू नका. गेल्या आठवड्यातला एखादा किरकोळ प्रसंग घ्या ज्यात तुम्ही गरजेपेक्षा जास्त ताणलात. कुणीतरी मेसेज बघून उत्तर दिलं नाही, मीटिंगमध्ये कुणी मधेच तोडलं, असलं काहीतरी. दहापैकी तीन-चार इतका त्रास पुरे. वही-पेन, वीस-पंचवीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत.

मी घेतलं होतं ते एक ऑफिसचं मेल. चार ओळींचं. अकरा वेळा वाचलं होतं पाठवायच्या आधी.

पायरी २: शरीरात शोधा

डोळे मिटा किंवा जमिनीकडे बघा, तो प्रसंग आठवा आणि अंगात कुठे काय होतंय ते बघा. पोटात गोळा, घशात अडकल्यासारखं, जबडा आवळलेला, छातीवर वजन. काही जणांना चित्र दिसतं, काहींना आवाज ऐकू येतो, काहींना नुसतंच कळतं की इथे काहीतरी आहे. चित्र दिसलंच पाहिजे असं अजिबात नाही, माझ्या एका मैत्रिणीला आजतागायत एकही चित्र दिसलेलं नाही आणि तिचं काम माझ्यापेक्षा छान चाललंय.

मला मानेच्या मागे जाणवलं, डाव्या बाजूला, कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखं. तिथेच लक्ष ठेवून बसले तर हळूहळू एक लाल पेन दिसलं, आणि पेन धरणारा हात. चेहरा नाही. तर ती झाली लालपेनवाली.

पायरी ३: थोडं अंतर

'मी घाबरलेय' आणि 'माझ्यातला एक भाग घाबरलाय', दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्या वाक्यात श्वास घ्यायला जरा जागा मिळते. भाग आपल्यावर पूर्ण स्वार असतो तेव्हा त्याला ब्लेंड झाला म्हणतात, म्हणजे त्याच्याच डोळ्यांनी आपण जग बघत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्याला हाकलायचं नाही. नुसती विनंती करायची, की जरा समोर बसतोस का, म्हणजे मला तू दिसशील. नाही जमलं तर कागदावर त्याचं चित्र काढा, उशी ठेवा समोरच्या खुर्चीत, काहीही. मुद्दा एवढाच की तो आणि तुम्ही यात हातभर अंतर पडलं पाहिजे.

पायरी ४: सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

स्वतःला विचारा: *या भागाबद्दल मला आत्ता काय वाटतंय?*

लोक हा प्रश्न गाळतात आणि मग म्हणतात पार्ट्सचं काम माझ्यावर चालत नाही. माझं पहिलं उत्तर होतं, 'वैताग आलाय तिचा, हिच्यामुळे माझे तासन् तास जातात.' ठीक आहे, पण हा वैताग कुणाचा? तो सेल्फचा नाही, तो आणखी एक भाग आहे जो लालपेनवालीवर चिडलेला आहे, आणि चिडलेल्या माणसासमोर कोण कशाला तोंड उघडेल? तर आता काम कुणाशी, तर या चिडक्याशी. त्याला सांगायचं, तुझं बरोबर आहे, वेळ जातो खरा, मी तिला डोक्यावर बसवणार नाहीये, फक्त दहा मिनिटं मला तिचं ऐकू दे. तो बाजूला झाला की परत तोच प्रश्न. आता काय वाटतंय? 'बिचारी.' हेही सांभाळून घ्या, कीव हा पुष्कळदा आणखी एक भाग असतो. परत विचारा. जेव्हा उत्तर येतं 'माहीत नाही, पण ऐकावंसं वाटतंय' तेव्हा पुढे जायचं. कुतूहल एवढं पुरे आहे. प्रेम वगैरे नंतर येतं, आलं तर.

कधीकधी वीस मिनिटं एकामागून एक भाग बाजूला करण्यातच जातात आणि सेशन संपतं. जाऊ देत. ते वाया गेलेलं नाही, काम तेच आहे.

एक फसवणूक मात्र हमखास होते. एक शहाणासुरता, समजूतदार बोलणारा भाग सेल्फचा वेष घेऊन बसतो आणि आपल्याला वाटतं वा, किती शांत आहोत आपण. ओळखायची खूण सांगते. त्याला निकाल हवा असतो. 'हो हो, तुझं कळलं मला, आता हे थांबव ना.' घाई दिसली की समजायचं, हा मॅनेजर आहे.

पायरी ५: मुलाखत

आता विचारा आणि थांबा. उत्तर डोक्याने बनवू नका, येऊ द्या. पहिलं जे येतं ते, विचित्र असलं तरी, वहीत लिहा.

तू माझ्यासाठी काय काम करतेस? कधीपासून? हे काम थांबवलंस तर काय होईल अशी तुला भीती वाटते? (सगळ्यात जास्त माल याच प्रश्नात असतो.) हे काम तुला आवडतं का? आणि शेवटी, मी किती वर्षांची आहे असं तुला वाटतं?

लालपेनवालीशी माझं बोलणं वहीत असं आहे:

मी: थांबलीस तर काय होईल?
ती: सगळे हसतील.
मी: कोण सगळे?
ती: वर्ग.
मी: मी किती वर्षांची आहे आत्ता?
ती: नऊ.

नऊ! मी म्हटलं, अगं एक्केचाळीस. आणि मानेवरची पकड, शपथेवर सांगते, सैल झाली. सुटली नाही, सैल झाली. हात तसाच हवेत, पेन उघडंच. तिला कुणी कळवलंच नव्हतं. बत्तीस वर्षं ती एका नऊ वर्षांच्या मुलीची वही तपासत बसली होती, की दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत चूक मला सापडली पाहिजे.

इथे तिला एकच गोष्ट द्यायची, आभार. खोटे नाहीत, खरे. तिच्या हिशोबाने तिने आपल्याला वाचवलेलंच आहे. लगेच 'आता तू निवृत्त हो' म्हणायचं नाही.

घरचं काम इथे थांबवा. एवढ्यानेही रोजच्या जगण्यात फरक पडतो, आणि नाही पडला तरी नुकसान काही नाही.

पायरी ६: परवानगी, आणि माझी चूक

आता ती महागात पडलेली चूक. लालपेनवाली भेटायच्या बरीच आधीची ही गोष्ट. कुठलासा गाइडेड ऑडिओ लावला आणि थेट त्या लहान मुलीला भेटायला गेले. कुणाला विचारलं नाही, काही नाही. भेटली ती, मी धाय मोकलून रडले, अगदी हलकं वाटलं, म्हटलं झालं की काम, उगाच लोक वर्षानुवर्षं पैसे घालवतात. पुढचे तीन दिवस रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोन, समोर येईल त्याच्यावर खेकसणं, आणि चौथ्या दिवशी थेरपीचं सेशन मी कारण न सांगता बुडवलं. पुढच्या वेळी थेरपिस्टने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दारावर जे उभे होते त्यांना सांगून गेला होतात का?"

नव्हते सांगितले. भिंतीवरून उडी मारून गेले होते, आणि नंतर दारावरच्यांनी पहारा दुप्पट केला. जखमेपर्यंत पोचणं हा पराक्रम नाही, परवानगीने पोचणं हे काम आहे. म्हणून जखमेकडे जायच्या आधी प्रत्येक पहारेकऱ्याला विचारायचं की मी तिला भेटले तर चालेल का, तुला काय वाटतं काय होईल? नेहमीचं उत्तर असतं, 'ती तुला बुडवून टाकेल.' रास्त आहे. त्यावर त्याच्याशी ठरवायचं, की मी त्या मुलीला आधीच सांगेन, एकदम सगळं माझ्यावर ओतू नकोस, आणि तुला नको वाटलं तर तू मधे थांबवू शकतोस. तो 'नाही' म्हणाला तर नाही. पुढच्या आठवड्यात बघू.

पायरी ७: जखम

हेही थेरपिस्टसोबतच. साधारण क्रम असा असतो.

आधी ऐकणं. त्या लहान भागाला जे दाखवायचंय ते सगळं दाखवू द्यायचं आणि मधूनमधून तिलाच विचारायचं, मला कळतंय असं तुला वाटतंय का, अजून काही राहिलंय का. मग त्या प्रसंगात आजच्या वयाचे तुम्ही शिरता आणि तिला तेव्हा जे हवं होतं ते करता. मला वाटलं होतं तिला मी त्या बाईंना खडसावलेलं हवं असेल, निबंध चुकांसकट सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता त्यांनी. मी तर भाषण तयार करून गेले होते. तिला ते काहीच नको होतं. तिला फक्त वर्गाबाहेर जायचं होतं, दप्तर न घेता. तर आम्ही गेलो. तिचं ऐकायचं, तुमच्या मनातला सिनेमा चालवायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

मग तिला तिथून काढून तिच्या आवडीच्या जागी आणायचं. आणि मग ओझं, म्हणजे त्या प्रसंगापासून ती जे धरून बसली आहे ते. माझ्या बाबतीत 'मी मठ्ठ आहे'. ते शरीरात कुठे आहे विचारायचं आणि पाणी, वारा, आग, माती, प्रकाश, तिला वाटेल त्यात सोडून द्यायचं. तिचं होतं हातांवर, शाईसारखं. तिने पाण्यात हात धुतले, बराच वेळ. त्या रिकाम्या जागी काय हवंय तेही तिलाच विचारायचं. वाचायला हे बालिश वाटेल, मलाही लाज वाटली होती, पण जमलं तेव्हा ते नाटक वाटलं नाही.

शेवटी पहारेकऱ्यांना बोलवून मुलगी दाखवायची आणि विचारायचं की आता तुमची ड्यूटी बदलायची आहे का. हे विसरू नका, नाहीतर ते जुन्या ऑर्डरवर काम करत राहतात.

एक सावधगिरी मोठ्या अक्षरात लिहायला हवी. आत जे दिसतं ते खरंच घडलेलं असतंच असं नाही. माझा निबंधाचा प्रसंग मला आधीपासून आठवत होता. पण पूर्वी कधीच न आठवलेलं काही अचानक दिसलं, तर ते त्या भागाचं दुःख म्हणून मान द्या, पण त्याच्या जोरावर कुणावर आरोप करायला, नाती तोडायला लगेच उठू नका. आणि जो थेरपिस्ट स्वतःहून 'तुमच्यावर लहानपणी अमुक झालं असणार' असं सुचवतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

नंतरचे तीन-चार आठवडे

रोज दोन मिनिटं त्या मुलीची चौकशी करायची. हे न केल्याने ओझं परत येतं असं दिसतं, आणि मलाही तसंच झालं होतं, कामाच्या गडबडीत आठ दिवस विसरले आणि नवव्या दिवशी मेल परत सात वेळा वाचलं. परत आलं म्हणजे सगळं फुकट गेलं असं नाही. बहुतेक वेळा त्याच जखमेचा दुसरा तुकडा असतो, किंवा एखाद्या पहारेकऱ्याला विचारायचं राहिलेलं असतं.

थेरपिस्ट शोधताना ट्रेनिंग कुठलं, किती, हे तर विचाराच, पण आणखी एक विचारा: माझा एखादा भाग थेरपी नको म्हणाला तर तुम्ही काय कराल? 'त्याला समजावू' असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे बघेन. 'त्याच्याशी आधी बोलू' असं आलं तर एक-दोन सेशन करून बघायला हरकत नाही.

लालपेनवाली अजून आहे. हा लेख तिने तीनदा तपासलाय, चौथ्यांदा तपासायला निघाली होती, मी तिला म्हटलं बस आता, आणि तिने एक वेलांटी सुधारून पेन बंद केलं.